हाताला दोष देण्याआधी पेन्सिल बघा

आम्ही महिला बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्यांबद्दल, नाहीतर पापड-मसाल्याच्या विक्रीबद्दल बोलतो. आजचा विषय मात्र अगदी लहान आहे, कंपासपेटीत मावणारा. आज आपण बोलणार आहोत शिसपेन्सिलीबद्दल. रोजच्या लिखाणासाठी चांगली पेन्सिल कशी निवडायची, एवढंच.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पैसे टाकायचे आणि पेन्सिल घेऊन यायची. आम्हालाही तसंच वाटायचं. पण एका पेन्सिलीपायी आमच्या गटातल्या एका मावशींनी लिहिणं शिकायचं सोडून दिलं होतं, आणि ती पेन्सिल आम्हीच त्यांच्या हातात दिली होती. म्हणून आज हे सांगायला बसलो आहोत.

झालं असं. पंधरा वर्षांवरच्या ज्यांचं शिकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी ‘उल्लास’ नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याचं बघून आम्हीही अंबरनाथला आमच्या गटातल्या बायकांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग सुरू केला. कुणी घरी बसून जीन्सचे धागे कापणारी, कुणी धुणीभांडी करणारी, कुणी भाजी विकणारी. या मावशी पोळी-भाजीचे डबे करतात. वय साठीच्या जवळ. गटात पंधरा वर्षं अंगठा देत आल्या होत्या आणि आता सही करायची असं ठरवून आल्या होत्या.

वर्गासाठी पेन्सिली लागणार म्हणून आम्ही घाऊक बाजारातून एक ग्रोस घेतल्या. ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४ पेन्सिली. नेहमीच्या पेन्सिलीच्या निम्म्या किमतीत मिळाल्या. आम्ही एवढ्या खूश झालो की गटाच्या बैठकीत ‘खरेदीत बचत झाली’ असं इतिवृत्तात लिहूनही ठेवलं.

पहिल्याच संध्याकाळी मावशींचं टोक तीनदा तुटलं. टोक काढायचं, एक अक्षर गिरवायचं, की टोक तुटून पुन्हा टोकयंत्रात. रेष फिकी उमटायची म्हणून त्या दाबून लिहायच्या, आणि दाबलं की तुटायचं. शेजारची म्हणाली, “मावशी, हात जड आहे तुमचा.” मावशी हसल्या आणि म्हणाल्या, “हा हात लाटणं धरायचा गं, पेन्सिल धरायचा नाही.” सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. तिसऱ्या आठवड्यात मावशी यायच्या बंद झाल्या.

आम्ही घरी गेलो. वही फडताळात वर ठेवून दिली होती. खूप आग्रह केल्यावर त्या म्हणाल्या, “काय माहीत ताई, नातीच्या पेन्सिलीनं लिहिलं तर तुटत नाही. तुमच्या वर्गात आलं की हात बिघडतो.” तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी येऊन आम्ही आमच्यातली एक नवी कोरी पेन्सिल ब्लेडनं उभी चिरली. आतलं शिसं चार ठिकाणी तुटलेलं होतं. दुसरी चिरली, तीही तशीच. मावशींच्या हातात काहीच खोट नव्हती.

मैत्रिणींनो, लहान मूल असो की साठीतली बाई, नव्यानं लिहायला लागलेलं माणूस वाईट पेन्सिलीला दोष देत नाही. दोष स्वतःकडे घेतं. जिला सवय आहे ती म्हणते, “पेन्सिल भिकार आहे, दुसरी दे.” जिला सवय नाही ती म्हणते, “मला जमत नाही.” म्हणून पेन्सिल निवडायचं काम जो शिकवतो, जो विकत घेतो, त्यानं नीट करायला हवं.

आता ही पेन्सिल असते तरी काय ते बघू. आपण म्हणतो शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसं हा धातू नसतोच. इंग्लंडच्या उत्तरेला बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात सोळाव्या शतकात एक काळा, मऊ दगड सापडला. मेंढपाळ त्यानं मेंढ्यांवर खुणा करायचे. लोकांना वाटलं हा शिशाचाच प्रकार. तेव्हापासून ते नाव चिकटलं आणि आपल्याकडेही तेच आलं. पुढे अठराव्या शतकात कळलं की हा कोळशाचाच भाऊबंद, म्हणजे कार्बन. त्याला नाव मिळालं ग्राफाइट. ग्रीक भाषेतल्या ‘लिहिणे’ या अर्थाच्या शब्दावरून ते आलं आहे. तेव्हा पेन्सिलीतून शिशाचं विष पोटात जाईल ही भीती मनातून काढून टाका. मात्र पोरांना पेन्सिल चावू देऊ नका, वरचा रंग काही खाण्यासाठी नसतो.

नुसतं ग्राफाइट फार मऊ. त्याची कांडी टिकत नाही. १७९५ साली फ्रान्समध्ये काँते नावाच्या माणसानं यावर उपाय काढला. तेव्हा फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध चालू होतं आणि इंग्लंडचा चांगला ग्राफाइट मिळेनासा झाला होता. त्यानं ग्राफाइटची पूड घेतली, तिच्यात चिकणमाती कालवली, बारीक कांड्या पाडल्या आणि भट्टीत भाजल्या. आजही पेन्सिलीची कांडी याच रीतीनं करतात. पिठात पाणी घालून शेवेच्या सोऱ्यातून शेव पाडावी तसा तो लगदा बारीक भोकातून दाबून काढतात, वाळवतात, भाजतात आणि मग मेणात मुरवतात. मेणामुळे ती कागदावर गुळगुळीत चालते.

आता यातली मेख ऐका. माती जास्त घातली की कांडी कडक होते आणि रेष फिकी येते. माती कमी, ग्राफाइट जास्त, तर कांडी मऊ आणि रेष काळीभोर. पेन्सिलीच्या टोकाशी सोनेरी अक्षरात जे छापलेलं असतं ते याचंच माप. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी. एचबी म्हणजे मधली. २बी म्हणजे एचबीपेक्षा काळी आणि मऊ. ४बी, ६बी, ८बी या चित्रं काढणाऱ्यांच्या पेन्सिली. २एच, ४एच या बारीक, नेमक्या रेषा मारणाऱ्यांच्या.

मग रोजच्या लिखाणाला कुठली? शाळेत जाणाऱ्या मुलांना, हिशेब लिहिणाऱ्या बाईला, वाण्याची यादी करणाऱ्या प्रत्येकाला एचबी पुरते. टोक बराच वेळ टिकतं, अक्षर हाताला फासत नाही. पण जी नव्यानं लिहायला शिकते, जिचा हात दाब द्यायला घाबरतो, किंवा जिला चाळिशीमुळे, मोतीबिंदूमुळे फिकं दिसत नाही, तिला २बी द्या. हलक्या हातानं लिहिलं तरी काळं उमटतं, म्हणून दाबावं लागत नाही. दाबावं लागलं नाही की बोटं दुखत नाहीत आणि टोकही तुटत नाही. २बी लवकर झिजते, मनगटाला थोडी काळी लागते, हे खरं. पण शिकताना ते चालतं. पुढे हात बसला की एचबीवर यायचं. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी कागदावर ब्लाउजचा खाका काढताना एचबी किंवा एच घ्यावी, रेष बारीक येते आणि माप चुकत नाही. काही पाकिटांवर हा आकडा नसतो, नुसतं ‘एक्स्ट्रा डार्क’ असं लिहिलेलं असतं. ती एचबीपेक्षा काळी असते एवढं समजायचं आणि लिहून बघायचं.

आतली कांडी झाली, आता बाहेरचं लाकूड. निम्मी पेन्सिल लाकडावर ठरते, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. लाकडाच्या दोन पातळ पट्ट्या घेतात. त्यांवर शेजारी शेजारी खाचा पाडतात. एका पट्टीच्या खाचांत कांड्या ठेवायच्या, सरस लावायचा आणि वरून दुसरी पट्टी दाबून बसवायची. सँडविचसारखं. मग त्यातून एकेक पेन्सिल कापून काढायची आणि रंगाचे हात द्यायचे. दोन्ही पट्ट्यांच्या खाचा समोरासमोर आल्या तर कांडी बरोबर मध्ये बसते. जरा जरी सरकल्या तर कांडी एका कडेला जाते. अशा पेन्सिलीचं टोक काढलं की एका बाजूला लाकूड टोकापर्यंत येतं आणि दुसऱ्या बाजूला शिसं उघडं पडतं. ती तुटणारच. आणि सरस नीट लागला नसेल तर कांडी आत मोकळी राहते, पेन्सिल एकदा पडली की आतल्या आत तिचे तुकडे होतात. काही पेन्सिलींवर ‘बॉन्डेड’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ कांडी लाकडाला चिकटवून पक्की केलेली आहे.

हे लाकूड हलकं, मऊ आणि सरळ धाग्याचं लागतं. आपल्या देशातल्या पेन्सिलींसाठी बरंचसं लाकूड काश्मीरहून येतं. तिथल्या पॉपलरच्या झाडांचं. पुलवामा जिल्ह्यात उखू नावाचं गाव आहे, त्याला पेन्सिलींचं गावच म्हणतात. ओंडके कापून, पट्ट्या करून, वाळवून तिथून पेन्सिलीच्या कारखान्यांना पाठवतात. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या गावाचा उल्लेख केला होता. तिथल्या पट्ट्यांच्या कारखान्यांत बायकाही मोठ्या संख्येनं काम करतात. म्हणजे आपल्या पोरांच्या कंपासपेटीतली पेन्सिल एखाद्या काश्मिरी बहिणीच्या हाताखालून गेलेली असू शकते.

आणि असं मऊ लाकूड आपल्या अंबरनाथला काही नवीन नाही बरं का. विमको नाक्यावरून आपण रोज जातो. ते नाव पडलं विमकोच्या आगपेट्यांच्या कारखान्यावरून. आगपेटीच्या काडीलाही असंच हलकं, सरळ चिरणारं लाकूड लागतं. विमकोनं उत्तर भारतात शेतकऱ्यांना पॉपलरची झाडं लावायला लावली ती याचसाठी. तेव्हा काडी आणि पेन्सिल ही एका घरची भावंडं. काडी तिरप्या धाग्याच्या लाकडाची असली की ओढताना मोडते, तशीच पेन्सिलही टोक काढताना तुकडे पाडते.

पेन्सिली करणारेही आपल्या आसपासचेच. नटराज आणि अप्सरा काढणारी हिंदुस्थान पेन्सिल्स ही १९५८ साली सुरू झालेली मुंबईची कंपनी. कॅम्लिन दांडेकर बंधूंनी सुरू केलेली. १९३१ साली त्यांनी शाईपासून सुरुवात केली. डोम्सचा कारखाना आपल्या सीमेपलीकडे उंबरगावला, गुजरातमध्ये. आम्ही कुणाची जाहिरात करायला बसलेलो नाही. सांगायचं एवढंच की नाव ओळखीचं आहे का ते नीट वाचा. रंग सारखा, पट्टे सारखे आणि नावातलं एखादं अक्षर बदललेलं, अशा पेन्सिली बाजारात असतात. आपल्या उल्हासनगरची ‘मेड इन यूएसए’ची गंमत तुम्हाला माहीत आहेच. यूएसए म्हणजे काय, तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन! आपण उल्हासनगरचे लोक ती स्वतःवरच सांगून हसतो. त्या गंमतीत एक शहाणपण आहे. छापलेलं काहीही असो, वस्तू हातात घेऊन बघायची.

ती कशी बघायची? त्या फसगतीनंतर आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. आता दर खरेदीला त्याच करतो. कागद-पेन घेऊन बसला असाल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, बूड बघा. टोक न काढलेली पेन्सिल दोन्हीकडून बघता येते. काळा ठिपका बरोबर मध्ये आहे का? चपातीच्या मधोमध टिकली लावावी तसा हवा. कडेला गेला असेल तर ठेवून द्या. दोन पट्ट्यांचा सांधाही तिथे दिसतो. तो बंद हवा, फट नको.

दुसरी गोष्ट, वाक बघा. लाटणं घेताना आपण ते डोळ्यांसमोर आडवं धरून सरळ आहे का बघतो ना, तसंच. ओल्या लाकडाची पेन्सिल वाळताना वाकते, आणि वाकताना आतली कांडी तोडते. आपल्याकडे पावसाळ्यात दुकानाच्या जमिनीजवळ ठेवलेला माल दमट असतो, तेव्हा हे आवर्जून बघा.

तिसरी गोष्ट, टोक काढा. खूप पेन्सिली घ्यायच्या असतील तर आधी दोन सुट्या विकत घ्या आणि तिथेच टोक काढून बघा. टोकयंत्र आपलं न्या, धारदार पात्याचं. चांगल्या लाकडाची साल लांब, कुरळी निघते, कांद्याच्या चकतीसारखी गोल. वाईट लाकडाचा भुगा पडतो, नाहीतर कपचे निघतात. टोक झाल्यावर पेन्सिल फिरवून बघा. शिसं चारही बाजूंनी सारखं उघडं पडलेलं हवं.

चौथी गोष्ट, लिहून बघा. आणि तेही आपल्या वहीवर. दुकानातल्या गुळगुळीत पुठ्ठ्यावर कुठलीही पेन्सिल चालते. मुलाची दुरेघी वही किंवा गटाची कच्ची वही पिशवीत न्या. स्वतःचं नाव लिहा, एक ते दहा आकडे लिहा. मुद्दाम हलक्या हातानं. अक्षर हातभर अंतरावरून वाचता येतं का? लिहिताना खडा लागल्यासारखं खर्रर्र होतं का? खरखर झाली तर आतली पूड नीट दळलेली नाही. अशी पेन्सिल कागद फाडते.

पाचवी गोष्ट, पुसून बघा. चांगल्या खोडरबरानं एक शब्द पुसा. डाग राहिला, कागदावर चर पडली, तर पेन्सिल कडक आहे किंवा आपण दाबून लिहिलं. पेन्सिलीच्या डोक्यावर बसवलेल्या रबरावर भरवसा ठेवू नका. ते बरेचदा कडक असतं, कागद काळा करतं. वेगळं खोडरबर घ्या.

आकाराबद्दल एक सांगायचं राहिलं. सहा कोनांची पेन्सिल बोटांत बसते आणि टेबलावरून घरंगळत नाही. लहान मुलांना आणि नव्यानं शिकणाऱ्या बायकांना तीन कोनांची सोपी जाते, कारण तीन बोटं तीन बाजूंवर आपोआप बसतात. गोल पेन्सिल दिसायला छान, पण घरंगळते, पडते आणि आतून तुटते. चकचकीत रंगाची पेन्सिल मे महिन्याच्या घामात सटकते, हेही लक्षात असू द्या. कार्टूनचे कागद चिकटवलेल्या, चमकी लावलेल्या पेन्सिलींवर मुलं हटून बसतात. एखादी हौसेनं घ्या, रोजची मात्र साधी घ्या.

आता पैशांचं बोलू, कारण गटाच्या बायकांना त्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही निम्म्या किमतीत पेन्सिली घेतल्या होत्या. पण त्या आठवडाभरात बोटाएवढ्या झाल्या. लिहिण्यापेक्षा टोक काढण्यातच संपल्या. नंतर घेतलेली चांगली पेन्सिल एकेकीला महिनाभर पुरली. म्हणजे महिन्याला निम्म्या किमतीच्या चार पेन्सिली, की पूर्ण किमतीची एक? निम्म्या किमतीच्या चार म्हणजे पूर्ण किमतीच्या दोन. स्वस्त पेन्सिल आम्हाला दुपटीला पडली, आणि वर एका मावशींचा वर्ग सुटला. इतिवृत्तात लिहिलेली ती ‘बचत’ आम्ही पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर खोडली.

खरेदी करताना अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, टोकयंत्र, खोडरबर आणि वह्या यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. पेन्सिलीवर आधी तो १२ टक्के होता. तेव्हा गटासाठी घाऊक माल घेताना पक्कं बिल मागा आणि पेन्सिलीवर कर लावलेला नाही ना ते बघा. जूनमध्ये शाळा सुरू होताना दुकानात उभं राहायला जागा नसते, कुणी टोक काढून बघू देत नाही. एप्रिल-मे महिन्यात जा. चार गटांनी मिळून घेतलं तर भाव चांगला मिळतो आणि पाहून घ्यायला वेळही मिळतो.

घेतलेली पेन्सिल नीट वापरायलाही हवी. टोकयंत्राचं पातं बोथट झालं की चांगली पेन्सिलही तुटते, म्हणून आधी टोकयंत्र बदलून बघा आणि मग पेन्सिलीला नावं ठेवा. पातं मुलांना काढू देऊ नका. टोक काढताना पेन्सिल फिरवा, आत रेटू नका. रोजच्या लिखाणाला सुईसारखं टोक नको, किंचित बोथट टोक टिकतं. टोक जिभेला लावून लिहायची सवय मोडा. पेन्सिल बोटाएवढी राहिली की टाकू नका, जुन्या पेनाच्या नळीत खोचा. अजून आठवडाभर चालते.

शेवटी एक धोक्याची सूचना आणि एक अनुभव. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे नियमित हिशेब लेखन. तो हिशेब पक्क्या वहीत, पासबुकात, कर्जाच्या कागदावर कधीही पेन्सिलीनं लिहू नका, आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या आकड्यासमोर सही किंवा अंगठा देऊ नका. जे पुसता येतं ते बदलता येतं. कुणी म्हणालं, “ताई, आत्ता सही करा, आकडा नंतर पक्का करतो,” तर उठून या. पक्क्याला बॉलपेनच.

पण बैठकीत हजेरी, बचत, हप्ता आधी कच्च्या वहीत उतरवायला पेन्सिलीसारखं काही नाही. चुकलं तर पुसता येतं, खाडाखोड होत नाही. आणि ती कच्ची वही फेकून देऊ नका. २०१९ साली २७ जुलैला उल्हास नदीला पूर आला होता, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी बदलापूरच्या एका गटाच्या अध्यक्षांच्या घरात पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात गटाच्या वह्या होत्या. पक्की वही जेल पेननं लिहिलेली होती. पानांवर नुसते निळे ढग उरले. कच्ची वही पेन्सिलीची होती. ती पंख्याखाली पान पान सुटं करून वाळवली, आणि सगळे आकडे वाचता आले. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. त्या कच्च्या वहीवरून गटानं अख्खा हिशेब पुन्हा उभा केला, आणि कुणाच्या बचतीवरून भांडण झालं नाही.

आणि आमच्या मावशींचं काय झालं? आम्ही त्यांच्याकडे तीन कोनांची २बी पेन्सिल घेऊन गेलो आणि आधी माफी मागितली. म्हणालो, “मावशी, हात तुमचा चांगला आहे. खरेदी आमची वाईट होती.” त्या पुन्हा यायला लागल्या. दिवाळीच्या आधी त्यांनी गटाच्या वहीत पहिली सही केली, अर्थात बॉलपेननं. आता डब्यांचा हिशेब त्या स्वतः एका वहीत मांडतात, एचबी पेन्सिलीनं. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं चोवीस डब्यांचे पैसे दिले. मावशींनी वही उघडून दाखवली. सव्वीस रेघा होत्या. गिऱ्हाइकानं मुकाट्यानं दोन डब्यांचे पैसे वर काढून दिले.

उरलेल्या त्या १४४ मधल्या पेन्सिली आम्ही कुणाला वाटल्या नाहीत. कुंडीतल्या मिरचीच्या रोपांना आधार म्हणून खोचल्या आहेत. तेवढ्याला त्या बऱ्या आहेत.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी मूल म्हणालं “आई, मला नीट लिहिता येत नाही,” किंवा गटातली एखादी म्हणाली “माझा हातच जड आहे,” तर आधी तिची पेन्सिल हातात घ्या. बूड बघा, टोक काढा, दोन अक्षरं लिहून बघा. मग काय ते बोला. तुमचे अनुभव आम्हाला बैठकीत जरूर सांगा. आज इथेच थांबतो. नमस्कार.